आमदार बाबासाहेब : वतन, सातबारा आणि बाळंतपणाच्या रजेसाठी सभागृहात भांडलेला माणूस

१९३७ सालच्या फेब्रुवारीत मुंबई प्रांतात विधानसभेची निवडणूक झाली. तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा याच प्रांतात होता. वारं काँग्रेसचं होतं. तरी दक्षिण नगर मतदारसंघातल्या राखीव जागेवर प्रभाकर जनार्दन रोहम निवडून आले आणि ते काँग्रेसचे नव्हते. ते होते स्वतंत्र मजूर पक्षाचे. पक्ष काढून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. या पक्षाचे पुढारी होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, आणि ते स्वतःही मुंबईतून उमेदवार होते.

बाबासाहेबांचं नाव निघालं की संविधान, महाडचं तळं आणि नागपूरची दीक्षाभूमी आठवते. पण त्याआधी ते कौन्सिलात आणि विधानसभेत बसले, अर्थसंकल्पावर बोलले, कायद्याचे मसुदे मांडले, मतं मागायला फिरले. जमीन, गावकी, शिक्षण, मजुरी यावर त्यांचं म्हणणं काय होतं, हे गावाकडं फारसं बोललं जात नाही. खरं तर त्यातल्या बऱ्याच गोष्टी आजही तलाठी कार्यालयात आणि ऊसतोडीच्या फडात भेटतात.

दुष्काळी तलाव आणि बैलगाडी

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथल्या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. घराणं मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडवे गावचं. पेन्शनीनंतर कुटुंब साताऱ्यात आलं. तिथंच आई भीमाबाई वारल्या.

वडिलांना पुढं खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदाराची नोकरी लागली. दुष्काळात माणसं मरत होती, म्हणून सरकारनं तिथं तलावाचं काम काढलं होतं. मजुरांचा पगार वाटणं हे रामजींचं काम. सुट्टीत पोरं वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनावर उतरली, पण न्यायला कोणीच आलं नव्हतं. पोरं महाराची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा एक जण तयार झाला. तेही अशा अटीवर, की गाडी पोरांनी हाकायची आणि तो पायी चालणार. रात्रभर पोरांना प्यायला पाणी मिळालं नाही. भीमराव तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. रोजगाराचं सरकारी काम कसं असतं आणि जात कशी आडवी येते, ही दोन्ही माहिती त्यांना त्या एकाच प्रवासात झाली.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १९१२ ला बी.ए. झाले. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. त्यांचा मुख्य विषय होता अर्थशास्त्र. १९२३ ला लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी घेऊन ते मुंबईला परत आले.

पाच एकराचे पाच तुकडे

जमिनीचे तुकडे हा तेव्हाही वादाचा विषय होता. बाप वारला की भाऊ वाटणी करायचे, दोन एकराची चार वावरं व्हायची. बांधावरून भांडणं आणि कोर्टकचेऱ्या चालायच्या. बाबासाहेबांनी १९१८ सालीच यावर इंग्रजीत निबंध लिहिला. त्यांचं मांडणं सरळ होतं. जमीन लहान आहे की मोठी, हे नुसत्या एकरावरून ठरत नाही. त्या जमिनीवर बैल किती, अवजारं किती, भांडवल किती आणि खाणारी तोंडं किती, यावरून ठरतं. हाती भांडवलच नसेल तर वाढवलेली जमीनसुद्धा परवडत नाही. खरा रोग हा, की शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं बसलेली आहेत आणि त्यांना दुसरं काम नाही. उद्योग वाढले तर ती माणसं शेतीतून बाहेर पडतील आणि मागं राहिलेल्यांची शेती आपोआप सुधारेल.

१९२६ च्या अखेरीला सरकारनं त्यांना मुंबई कौन्सिलात सभासद नेमलं आणि १९२७ च्या सुरुवातीपासून ते कामकाजात आले. त्याच वर्षी सरकारनं लहान धारणाक्षेत्राचं विधेयक आणलं. ठरावीक आकाराखाली जमिनीची वाटणी होऊ द्यायची नाही, असा त्याचा रोख. बाबासाहेबांनी १० ऑक्टोबर १९२७ ला त्याला विरोध केला. एकाला जमीन देऊन बाकीच्या भावांना बाहेर काढलं तर गावात भूमिहीनांची फौज तयार होईल, हे त्यांनी दाखवून दिलं. त्याऐवजी प्रत्येकाची मालकी कायम ठेवून सहकारी पद्धतीनं एकत्र शेती करावी, हा मार्ग त्यांनी सुचवला. इटली, फ्रान्समधले दाखलेही दिले.

ते विधेयक बारगळलं. तुकडेबंदीचा कायदा पुढं १९४७ ला आला. आज गुंठेवारीच्या खरेदीसाठी दुय्यम निबंधकाच्या दारात हेलपाटे मारणाऱ्या माणसाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

दारूचा पैसा आणि शाळेचा पैसा

शिक्षणाबाबत त्यांनी १९२७ च्या मार्चमध्ये कौन्सिलात हिशेब मांडला. प्रांताचं सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. जेवढं लोकांकडून दारूपोटी घेता, तेवढं तरी त्यांच्या शाळेवर घाला, असा त्यांचा आग्रह होता. पोरं पहिलीत येतात आणि चौथीच्या आत गळतात, म्हणजे घातलेला पैसाही वाया जातो, हेही त्यांनी आकड्यांनी पटवलं.

पुढं काँग्रेस सरकारनं दारूबंदी हाती घेतली तेव्हाही त्यांचं मत बदललं नाही. दारूबंदीमुळं बुडणारं उत्पन्न आणि तिच्या बंदोबस्ताचा खर्च यापेक्षा शिक्षण आधी आलं पाहिजे, असं ते सभागृहात म्हणाले. हे मत अनेकांना रुचलं नाही. निवडणुकीच्या सोयीनं मत बदलायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

बाळंतपणाची रजा

१९२८ च्या जुलैमध्ये कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. गिरणी-कारखान्यात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर सुट्टी मिळावी आणि त्या काळात पैसेही मिळावेत, अशी त्यात तरतूद होती. गिरणीमालकांच्या बाजूनं ओरड झाली, की बोजा आमच्यावर कशाला? बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे सगळ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून सरकारनंही भार उचलावा. पण बाईच्या कामातून मालकाला नफा होतो, तेव्हा मालकालाही हात झटकता येणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ ला मुंबई प्रांतात हा कायदा झाला.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून दरवर्षी कोयत्यावर जाणाऱ्या बाईला हा विषय समजावून सांगायची गरज नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. शंभर वर्षं होत आली, तरी कारखान्याच्या आवारातल्या बाईला मिळालेला हक्क कारखान्यासाठी ऊस तोडणाऱ्या बाईपर्यंत नीट पोचलेला नाही.

वतन म्हणजे काय होतं

वतन हा शब्द ऐकायला मानाचा वाटतो. पाटील-कुलकर्ण्याला तो होताही. महार वतनदाराचं तसं नव्हतं. सरकारी टपाल पोचवायचं, सारा भरायला लोकांना बोलावून आणायचं, साहेब गावात आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचं, कोणाच्या मरणाची बातमी दहा कोस चालत जाऊन सांगायची. रात्र म्हणायची नाही की पाऊस म्हणायचा नाही. घरातला एक माणूस आजारी पडला तर दुसऱ्यानं जायचं. मोबदला म्हणून इनामाचा जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांकडून मिळणारं बलुतं. पिढ्या वाढल्या तशा त्या तुकड्याच्या चिंध्या झाल्या. बलुतं देणं-न देणं गावाच्या मर्जीवर. गावाशी वाकडं झालं की बलुतं बंद, पण काम मात्र सुटत नव्हतं.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला कौन्सिलात वतन कायदा दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यातल्या मागण्या मोजक्याच होत्या. ज्याला हे काम नको असेल त्याला ते सोडता यावं आणि पूर्ण सारा भरून जमीन ठेवता यावी. बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवून ती साऱ्याबरोबर सरकारनं वसूल करावी, म्हणजे कोणाच्या दारात हात पसरायची वेळ येणार नाही. आणि कामं कोणती ते लिहून ठरवावं. विधेयकाला इतका विरोध झाला, की १९२९ च्या जुलैमध्ये त्यांना ते मागं घ्यावं लागलं.

आपल्याच समाजातल्या काही जणांना वतन सोडायचं जिवावर येत होतं, कारण कसाही असला तरी तो जमिनीचा आधार होता. बाबासाहेब हे ओळखून होते. म्हणूनच जमीन सोडा असं त्यांनी सांगितलं नाही. जमीन राहावी आणि गुलामी जावी, अशी त्यांनी वाट काढली होती.

१९३२ ला ग्रामपंचायतीचं विधेयक आलं. पंचांना न्यायदानाचे अधिकार द्यायला त्यांनी विरोध केला. जिथं गाव जातीत विभागलेलं आहे, तिथं पंच निःपक्ष राहतील यावर त्यांचा भरवसा नव्हता. नुसतं मत देऊन भागणार नाही, अस्पृश्यांना पंचायतीत राखीव जागा हव्यात, ही मागणीही त्यांनी केली. आज सरपंचपदाची आरक्षण सोडत निघते तेव्हा गावोगाव चर्चा रंगते. ती मागणी सभागृहात इतकी जुनी आहे.

पक्षाच्या नावात मजूर का

१९३५ च्या कायद्यानं प्रांतांना स्वतःची सरकारं मिळणार होती. बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाला जातीचं नाव दिलं नाही. कूळ, शेतमजूर, गिरणी कामगार यांचं पोट एकाच प्रश्नाशी बांधलेलं आहे, म्हणून नावात मजूर आला.

पक्षाचा जाहीरनामा आज वाचला तरी जुना वाटत नाही. शेतकऱ्यासाठी भूतारण बँका, सहकारी उत्पादन संस्था आणि माल विकायला सहकारी खरेदी-विक्री संघ. खोत आणि तालुकदारांच्या जुलमापासून कुळांना संरक्षण. गरज पडेल तिथं उद्योग सरकारी मालकीचे. कामगारांचे कामाचे तास ठरवणं, योग्य मजुरी, पगारी रजा, म्हातारपणाची आणि आजारपणाची सोय. बेकारांना जमिनीवर वसवणं आणि सार्वजनिक कामं काढणं. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणि हाताला काम देणारं तंत्रशिक्षण. गावासाठी स्वच्छता, घरं, सभागृह, वाचनालय आणि गावोगाव फिरणारा सिनेमा. खेड्यातल्या माणसाला बाहेरचं जग दिसावं म्हणून १९३६ साली जाहीरनाम्यात सिनेमाची सोय मांडलेली होती.

तेव्हा सगळ्यांना मत नव्हतं. सारा भरणारा, मालमत्ता असलेला, शिकलेला अशांनाच मताचा हक्क होता. शेतमजूर बहुतेक यादीबाहेरच. अशा यादीवर मजुरांच्या पक्षानं निवडणूक लढवायची, म्हणजे अर्धी लढाई आधीच हरल्यासारखी होती. पक्षाचे सतरा उमेदवार उभे राहिले आणि बहुतेक निवडून आले. नाशिकमधून भाऊराव गायकवाड म्हणजे दादासाहेब गायकवाड आले, नगरमधून रोहम आले. मुंबईत बाबासाहेबांच्या समोर काँग्रेसनं बाळू पालवणकर यांना उभं केलं होतं. पालवणकर हे नावाजलेले क्रिकेटपटू, चांभार समाजातले, आणि बाबासाहेबांनीही एके काळी त्यांचा गौरव केलेला. लढत सोपी नव्हती. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, पालवणकरांना ११,२२५.

विरोधी बाकावरची सव्वादोन वर्षं

१७५ जणांच्या सभागृहात काँग्रेसचं बळ मोठं होतं. जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं. बाबासाहेब विरोधी बाकावर बसले.

मंत्र्यांचा पगार पाचशे रुपये ठेवायचं विधेयक आलं तेव्हा त्यागाचं कौतुक चाललं होतं. बाबासाहेबांनी वेगळाच प्रश्न काढला. पगार फार कमी ठेवला तर घरचं बरं असलेलाच माणूस मंत्री होऊ शकेल, गरीब घरातला लायक माणूस बाहेर राहील आणि कारभाराची शुद्धताही धोक्यात येईल.

१७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला होता आणि कुळाला पिकाचा मोठा वाटा त्याच्या घरात न्यावा लागत होता. त्याच दिवशी महार वतनाचं विधेयकही पुन्हा आलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. त्यात महार, कुणबी, आगरी अशी सगळ्या जातींची कुळं होती. तरी विधेयक बहुमताच्या जोरावर पुढं सरकू दिलं नाही. १९३८ मध्येच संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाला त्यांनी कडाडून विरोध केला. संप करणं म्हणजे काम करायचं की नाही हे ठरवायचा माणसाचा हक्क, अशी त्यांची बाजू होती. ७ नोव्हेंबरला मुंबईत संप झाला, त्यात कम्युनिस्टही बरोबर होते.

त्यानंतर तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबर १९३८ ला, नगरच्या रोहमांनी सभागृहात एक ठराव मांडला. विषय होता संततिनियमनाचा. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, त्यांनी तयार केलेलं निवेदन रोहमांनी मांडलं. वरचेवरच्या बाळंतपणानं बाया मरतात, लेकरं जगत नाहीत आणि गरिबी हटत नाही. तेव्हा सरकारनं लोकांना माहिती आणि साधनं पुरवावीत, असा त्यात आग्रह होता. ज्या विषयावर तेव्हा घरातही कोणी बोलत नव्हतं, तो नगरच्या आमदारानं विधानसभेत मांडला. ठराव पडला. सरकारी कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम त्यानंतर चौदा वर्षांनी, १९५२ ला सुरू झाला.

हरेगावची परिषद

१९३९ च्या अखेरीला काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि सभागृह थांबलं. बाबासाहेबांचं काम थांबलं नाही. १६ डिसेंबर १९३९ रोजी आजच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगाव इथं महार, मांग वतनदारांची परिषद भरली. साखर कारखान्यामुळं ओळखलं जाणारं हे गाव. वतनाच्या जमिनीवरचा जुडी नावाचा सारा सरकारनं वाढवला होता. आधीच फुकट राबवून घ्यायचं, वर त्याच जमिनीवर करही वाढवायचा, या दुहेरी अन्यायावर बाबासाहेबांनी तिथं सरकारला धारेवर धरलं.

पुढं दिल्लीत

१९४२ च्या जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणायचा कायदा १९४६ ला झाला. सिंचन आणि वीज हा विषयही त्यांच्याच खात्यात होता. दामोदर आणि हिराकुड धरणांची आखणी त्या काळात झाली. पुराला नुसते बांध घालत बसण्यापेक्षा पाणी साठवून त्याची शेती आणि वीज करा, हे धोरण त्यांनी पुढं रेटलं.

संविधान सभेत मसुदा समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं. २६ जानेवारी १९५० पासून संविधान लागू झालं आणि सारा भरणाऱ्यालाच मत हा प्रकार संपला. ज्या शेतमजुराला १९३७ ला मत नव्हतं, त्यालाही आता जमीनदाराएवढंच एक मत मिळालं. त्याच मतदारांपुढं १९५२ ला बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

आमदार असताना मांडलेली त्यांची विधेयकं सभागृहात पडली, पण विषय उरले. खोती रद्द करणारा कायदा १९४९ ला झाला. कनिष्ठ गावकामगार वतनं १ ऑगस्ट १९५९ पासून कायद्यानं संपली. ते पाहायला बाबासाहेब हयात नव्हते. आकाराची ठरावीक पट रक्कम भरून जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या शर्तीनं. म्हणून नगर जिल्ह्यात आजही अनेक सातबाऱ्यांवर भोगवटादार वर्ग दोन असा शेरा दिसतो. जमीन विकायची तर परवानगी लागते आणि नजराणा भरावा लागतो. कुठं परवानगी न घेता व्यवहार झाले, कुठं भावकीत वाटण्याच झाल्या नाहीत, कुठं नोंदी वर्षानुवर्षं अडकून पडल्या.

आपल्या किंवा शेजाऱ्याच्या उताऱ्यावर असा शेरा असेल, तर जुने फेरफार एकदा काढून पाहावेत. तालुक्याच्या अभिलेख कक्षात ते मिळतात. ज्या हक्काच्या जमिनीसाठी बाबासाहेब १९२८ ते १९३९ अशी अकरा वर्षं भांडले आणि हरेगावपर्यंत आले, तिचा पुढचा हिशेब त्याच कागदात आहे.